‘पाल्यास ॲलर्जी असल्यास नमूद करावे’ : राज्यातल्या शाळांना एक खुले पत्र

प्रति,
सर्व मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई-मावश्या,

सप्रेम नमस्कार.

प्रवेशअर्जात आणि सहलीच्या संमतिपत्रकात अगदी तळाशी, पालकांच्या सहीच्या जरा वर, एक ओळ असते. ‘पाल्यास कोणतीही ॲलर्जी असल्यास नमूद करावे.’ पुढे टिंबं. मी तालुक्याच्या गावात बालरोगतज्ज्ञ आहे. त्या टिंबांवर पालक काय लिहितात हे मला ठाऊक आहे, कारण बरेच जण अर्ज द्यायच्या आदल्या संध्याकाळी मला विचारायला येतात. ‘दूध’. ‘वांगं’. ‘अंगावर पित्त उठतं’. ‘थंड चालत नाही’. एका वडिलांनी ‘पालेभाजी’ असं लिहिलं होतं; चिरंजीवांना ती आवडत नव्हती, एवढंच. मग अर्ज फायलीत जातो, फाइल कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे. ज्या बाई वर्गात संक्रांतीचा तिळगूळ वाटतात त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही.

ही ओळ काढून टाका आणि तिच्या जागी चार प्रश्न छापा, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे. प्रश्न शेवटी देते. ते चारच का आणि तेच का, हे कळायचं तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. अन्न बाधतं म्हणजे सगळ्यांना एकाच तऱ्हेने बाधत नाही. अर्जावर ‘दूध’ एवढंच लिहिलेली दोन मुलं एका वर्गात असतील, तर एकाला वाटीभर ताक दिलं तरी काही होणार नाही आणि दुसऱ्यासाठी १०८ ला फोन करावा लागेल. ओळ तीच, शब्दही तोच. शाळेने वागायचं मात्र अगदी वेगवेगळं.

आधी जीवघेण्या प्रकाराबद्दल. तो कमी मुलांना असतो, पण त्यात हाताशी वेळ उरत नाही.

आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूंशी लढते तशी काही मुलांमध्ये एखाद्या साध्या अन्नातल्या प्रथिनाशीच लढायला उठते. त्यासाठी ती आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. ती पेशींवर चिकटून बसलेली असतात. तेच अन्न पुन्हा पोटात गेलं की काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात. तोंडाला खाज, ओठ-डोळे सुजणं, अंगावर गांध्या, उलटी, आवाज बसणं, दम लागणं, रक्तदाब उतरून मूल गळून पडणं, हे सगळं त्यातून होतं. हा दोष रक्तातूनच एकाकडून दुसऱ्याकडे नेता येतो हे १९२१ साली जर्मनीत दोन डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. त्यातल्या क्युस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांच्या रक्ताचा द्रव प्राउसनिट्झ यांच्या कातडीत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर मासा मजेत खाणाऱ्या प्राउसनिट्झ यांच्या अंगावर तेवढ्याच जागी गांधी उठली. आयजीई हे नाव यायला त्यानंतर आणखी साडेचार दशकं लागली.

हा प्रकार कशाकशाने होतो? लहानग्यांत दूध आणि अंडं. मोठ्या मुलांत कोळंबी-खेकडे, मासे, काजू-अक्रोड, शेंगदाणे, तीळ, गहू, सोयाबीन. आपल्याकडे हरभऱ्याची आणि इतर डाळींचीही ॲलर्जी दिसते, ती परदेशी यादीत सापडणार नाही. दुधाची आणि अंड्याची बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची, काजूची, कोळंबीची सहसा राहते. म्हणून पहिलीत भरलेला अर्ज सातवीपर्यंत तसाच चालवू नका. दूध चालू लागलेलं मूल उगीच वर्षानुवर्षं वेगळं बसवलं जातं.

शेंगदाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. विमानात शेंगदाण्याची पुडी वाटायची की नाही यावर परदेशात वाद होतात, ते वाचून आपल्याकडे लोक हसतात. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे तिकडच्यापेक्षा कमी दिसते हे खरं. पण ज्या मुलाला ती आहे त्याने महाराष्ट्रात जगायचं कसं, याचा विचार करून बघा. साबुदाण्याच्या खिचडीत कूट. काकडीच्या कोशिंबिरीत कूट. भरल्या वांग्यात, भेंडीत, पालकाच्या पातळ भाजीत, उपासाच्या आमटीत कूट. चटणी, चिक्की, लाडू तर उघडच दिसतात. अमेरिकेतल्या मुलाला शेंगदाणा वेष्टनावर वाचता येतो. आपल्याकडे तो कुटून, मिसळून, दिसेनासा करूनच ताटात येतो, आणि वाढणारी मावशी मनापासून सांगते, ‘नाही हो, यात दाणे नाहीत.’ तिच्या लेखी दाणे म्हणजे अख्खे दाणे.

तेलाचंही तेच. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, ते बहुतेकांना चालतं. लाकडी घाण्याच्या तेलात मात्र ते राहतं. सध्या घाण्याच्या तेलाची हौस वाढली आहे आणि सहलीच्या मुक्कामी जेवण देणारे ‘आम्ही घाण्याचंच तेल वापरतो’ असं अभिमानाने सांगतात. एखाद्या मुलासाठी ते वाक्य धोक्याची सूचना असतं.

आता ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे वर सांगितलेल्या प्रकाराचा जीवघेणा झटका. हा शब्द पाठ करा, कारण १०८ वर फोन केला की तोच सांगायचा आहे. १९०२ मध्ये पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो घडवला. समुद्री जीवाच्या विषाचा आधी एक डोस मिळालेले कुत्रे काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी कमी डोसाने मिनिटांत दगावले, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. रिशे यांना याबद्दल १९१३ चं नोबेल मिळालं. शाळेने त्यातून घ्यायचं ते एवढंच, की मागच्या वेळी फक्त गांध्या उठल्या होत्या म्हणून या वेळीही तेवढंच होईल, असं धरून चालता येत नाही.

ओळखायचं असं. खाल्ल्यानंतर थोड्या वेळात अंगावर गांध्या किंवा सूज, आणि जोडीला श्वासाचा त्रास किंवा पुन्हा पुन्हा उलट्या किंवा चक्कर-गळून जाणं. दोन ठिकाणी त्रास दिसला की थांबायचं नाही. कधीकधी गांध्या येतच नाहीत आणि बाधतं हे माहीत असलेलं अन्न पोटात जाऊन एकदम श्वासच अडतो, तेव्हाही थांबायचं नाही. यावर पहिलं औषध एकच आहे, ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांत जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. गुण नाही आला तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. सेटिरिझिनची गोळी गांध्या आणि खाज कमी करते. सुजलेला घसा ती मोकळा करत नाही, उतरलेला रक्तदाब चढवत नाही. तरी बहुतेक ठिकाणी होतं काय, तर गोळी देतात, पंख्याखाली बसवतात आणि आईला फोन लावतात. आई यायला अर्धा तास.

आणखी एक. अशा मुलाला उभं करू नका, चालवत ऑफिसपर्यंत नेऊ नका. आडवं निजवा, पाय उशीवर किंवा दप्तरावर उंच ठेवा. दम लागला असेल तर पाय लांब करून टेकून बसू द्या. एकदम उभं केल्याने रक्तदाब कोसळून मुलं दगावलेली आहेत. आणि बरं वाटलं म्हणून तासाभरात वर्गात परत पाठवू नका. काहींना काही तासांनी त्रास पुन्हा उलटतो, म्हणून दवाखान्यात देखरेखीखाली राहावं लागतं.

परदेशात पालकांच्या हातात पेनासारखं तयार इंजेक्शन असतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, बाहेरून मागवलं तर महाग पडतं. पण साधी कुपी अगदी स्वस्त आहे आणि लसीकरणाच्या प्रत्येक सत्रात परिचारिकेच्या पेटीत ती असते. लस टोचल्यावर ॲनाफिलॅक्सिस झालाच तर ॲड्रिनलिनचा पहिला डोस द्यायचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं असतं. म्हणजे औषध गावात आहे, द्यायला माणूसही आहे. शाळेच्या भिंतीवर प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि उपकेंद्रातल्या ताईंचा नंबर लिहिलेला नाही, एवढीच अडचण. ज्यांच्या मुलाला असा त्रास पूर्वी झाला आहे त्या पालकांना डॉक्टर कुपी, सिरिंज आणि डोसाची चिठ्ठी लिहून देऊ शकतात. ती पेटी कुलपात ठेवू नका.

भीती घालायची नाही. अन्नाच्या ॲलर्जीने मृत्यू येणं फार विरळ आहे. पण जे येतात त्यांत ॲड्रिनलिन उशिरा मिळाल्याची गोष्ट पुन्हा पुन्हा असते.

आता दुधाकडे येते, कारण अर्जांवर सगळ्यात जास्त घोटाळा इथे आहे. दूध प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं, जुलाब होतात, अशी मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे विकर वयाबरोबर कमी होत जातं. जगातल्या बहुसंख्य माणसांचं असंच होतं. यात संरक्षणव्यवस्थेचा काही संबंध नाही. ही ॲलर्जी नव्हेच. या मुलांना दही, ताक बहुधा चालतं, कपभर दूधही कित्येकांना चालतं. त्यांना जबरदस्तीने ग्लासभर पाजू नका, इतकंच.

दुसरं मूल दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असलेलं. त्याला दही, ताक, पनीर, खवा, श्रीखंड, काही चालत नाही. म्हशीचं दूध देऊन बघू, शेळीचं देऊन बघू, हे प्रयोग करू नका. प्रथिनं इतकी सारखी आहेत की बहुतेकांना तिन्ही बाधतात. गंमत अशी, की यातल्याच अनेक मुलांना दूध घातलेला, भट्टीत चांगला भाजलेला केक चालतो, कारण उष्णतेने काही प्रथिनांचा आकार बदलतो. अंड्याचंही असंच. पण केक चालतो म्हणजे उकडलेलं अंडं चालेल असं नाही, आणि हे ठरवायला डॉक्टरांच्या देखरेखीत खाऊन बघावं लागतं, वाढदिवसाच्या वर्गात नव्हे. पोषण आहारात अंडी द्यावीत की नाहीत यावर राज्यात जे वाद झाले त्यात एका बाजूने ‘ॲलर्जी’ हा शब्दही सोयीने वापरलेला मी ऐकला. अंड्याची ॲलर्जी मोजक्या मुलांना असते. त्यांना केळं द्या आणि बाकीच्यांना अंडं खाऊ द्या.

गव्हाचे तर तीन वेगळे प्रकार आहेत. एक वर सांगितलेला, पोळी खाल्ली की मिनिटांत गांध्या. दुसरा सीलिॲक. यात ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. ही आयजीईची भानगड नाही, रुग्णवाहिका लागत नाही, आणि त्यामुळेच कोणी मनावर घेत नाही. मूल वाढत नाही, पोट सुटतं, हिमोग्लोबिन औषधं देऊनही चढत नाही, चिडचिड वाढते. शाळा म्हणते ‘अशक्त आहे’. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा डिके या डॉक्टरांनी पाहिलं, की उपासमारीतही सीलिॲकची मुलं सुधारत होती. गव्हावरचा त्यांचा आधीपासूनचा संशय तिथे पक्का झाला. आपल्या देशात उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात हा आजार जास्त सापडतो, पण तो महाराष्ट्रात नाही असं समजू नका. पोळी घराघरात पोचली आहे आणि बिस्किट तर पाळण्यापर्यंत.

या मुलांसाठी आपल्याकडे एक मोठी सोय आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, सगळं चालतं. भाकरी खाणाऱ्या घरात सीलिॲकचं मूल सांभाळणं सोपं असायला हवं. अडचण येते ती गिरणीत. गव्हावर ज्वारी टाकली की ती ज्वारी राहिली नाही. आणि हिंगात! डबीतला बांधणीचा हिंग बहुधा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात घोळलेला असतो. म्हणजे वरण-भात, ज्यात गव्हाचा कणही नाही असं आपण शपथेवर सांगू, त्याच्या फोडणीतूनही गहू जातो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. ज्या शाळेत सीलिॲकचं मूल आहे तिथल्या मावशींनी हिंगाशिवाय फोडणी दिली तर वर्गात कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पालकांनाही इथेच सांगते. शंका आली म्हणून आधी गहू बंद करून मग तपासणीला येऊ नका. गहू बंद झाला की रक्ततपासणी आणि आतड्याची तपासणी दोन्ही फसव्या येतात.

तिसरा प्रकार विचित्र आहे आणि पीटीच्या सरांसाठी महत्त्वाचा. काहींना पोळी एरवी चालते, धावणंही चालतं. पण पोळी खाऊन दोन-तीन तासांत धावलं तर ॲनाफिलॅक्सिस होतो. कोळंबीनेही हे होऊ शकतं. मोठ्या मुलांत, तरुणांत जास्त दिसतं. डबा खाऊन झाल्यावरच्या तासाला मैदानावर एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा गांध्या उठत असतील, तर ‘उन्हामुळे’ म्हणून सोडून देऊ नका.

लगेच न दिसणारे प्रकार आणखीही आहेत, ते थोडक्यात. तान्ह्या बाळांत एक असा प्रकार असतो की दूध, सोया किंवा चक्क भाताची पेज दिल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात, बाळ पांढरंफटक पडतं, लोळागोळा होतं. गांधी एकही नाही. बहुतेकदा ते पोटाचं इन्फेक्शन म्हणून खपून जातं. त्याला सलाईन लागतं. हे अंगणवाडीताईंनी लक्षात ठेवावं. शाळेच्या वयात आणखी एक दिसतो, अन्ननलिकेला हळूहळू सूज येते आणि मूल प्रत्येक घासाला पाणी मागतं, मांस किंवा कोरडी पोळी छातीत अडकते म्हणतं. ‘जेवायला नखरे’ म्हणून त्याला बोलणी बसतात.

आणि कोकणातल्या शाळांसाठी: आंब्याच्या चिकाने ओठांना आणि गालांना येणारे फोड. मे महिन्यात माझ्याकडे अशी मुलं येतात आणि आई म्हणते, आंब्याची ॲलर्जी आहे, आंबा बंद केलाय. बिचारं पोर! तो चीक कातडीला लागून एक-दोन दिवसांनी होणारा दाह आहे. काजूच्या टरफलातलं तेल आणि बिब्बा, दोन्ही त्याच कुळातले; बिब्बा उततो तेव्हा हेच होतं. आंबा धुऊन, देठाकडचा भाग काढून, सालाशिवाय फोडी दिल्या तर बहुतेकांना चालतो. मात्र काजू खाल्ल्यावर ज्याला लगेच गांध्या किंवा दम होतो, ते पहिल्या प्रकारातलं मूल. त्याला पिस्ताही बाधण्याची शक्यता मोठी. नावं सारखी, झाड एकाच कुळातलं, आजार दोन.

जे ॲलर्जी नाहीच, तेही सांगायला हवं. सहलीला किनाऱ्यावर गेलात, बांगडा किंवा कुपा खाल्ला, आणि तासाभरात पाच-सहा मुलांचे चेहरे लाल, डोकं ठणकतंय, अंगाची आग. मासा बर्फात नीट ठेवला नाही की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात आणि शिजवून ते जात नाही. हा खराब माशाचा दोष. त्या मुलांनी आयुष्यभर मासे सोडायची गरज नाही. नवरात्रात भगरीने होणारी विषबाधाही तशीच. एका पंगतीत अनेकांना झालं तर अन्नात बिघाड शोधा. एकालाच झालं आणि दर वेळी त्याच पदार्थाने झालं तर ॲलर्जीचा विचार करा.

आता तपासण्यांबद्दल, कारण हल्ली काही शाळा ‘ॲलर्जीचा रिपोर्ट जोडा’ म्हणू लागल्या आहेत. कृपा करून असं म्हणू नका. कर्नाटकात प्रौढांची एक मोठी पाहणी झाली होती. त्यात रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई सापडलेली माणसं चारात एकाहून अधिक निघाली. प्रत्यक्ष ॲलर्जी असण्याचा संभव मात्र सुमारे १.२ टक्क्यांनाच होता. बाकीचे तेच अन्न रोज खात होते. म्हणजे नुसता रिपोर्ट बघून मुलाचं जेवण ठरवलं तर वर्गातल्या पाव मुलांचे डबे उगीच रिकामे होतील. आणि ते आयजीजीचे, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका प्रतिपिंडाचे, शंभर-दोनशे पदार्थांचे महागडे पॅनेल? ते एवढंच दाखवतं की तुम्ही तो पदार्थ खाल्लेला आहे. हे कळायला प्रयोगशाळा कशाला, आजीला विचारा. मी त्या कागदावरून दूध, गहू, डाळ, अंडं बंद केलेली मुलं बघते आणि त्यांचं वजन बघून मला राग येतो. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा झालं का, ही हकिगत कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोलाची आहे. तपासणी तिच्या मागून येते.

घाबरून पदार्थ टाळत राहिल्याने ॲलर्जी टळत नाही, उलटही होतं, हेही आता माहीत झालं आहे. २०१५ साली लंडनमधल्या संशोधकांनी ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते अकरा महिन्यांच्या, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या त्या बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचा पदार्थ नियमित दिला, निम्म्यांना अजिबात दिला नाही. पाच वर्षांचं वय होईतो, खाणाऱ्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. उष्टावणानंतर पातळ खिमटीत चमचाभर बारीक कूट घालणाऱ्या आज्या काही चुकत नव्हत्या. अख्खा दाणा मात्र तान्ह्याला कधीच नको, तो श्वासनलिकेत जातो. आणि ज्या बाळाला चट्ट्यांचा तीव्र एक्झिमा आहे किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी आधी डॉक्टरांशी बोला.

वेष्टनांचं काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार गहू वगैरे ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-अक्रोडासारखी कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा उल्लेख बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ नाही. मोहरीही नाही. तिळाचं काय होऊ शकतं हे ब्रिटनने २०१६ मध्ये बघितलं. नताशा एडनन-लापेरूज ही १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेला पाव खाऊन दगावली. पिठात तीळ होते, वेष्टनावर नव्हते. १ ऑक्टोबर २०२१ पासून तिकडे दुकानातच बांधून विकल्या जाणाऱ्या पदार्थांवरही सगळे घटक लिहावे लागतात. आपल्याकडे तर खाऊ बहुतेक सुट्टाच येतो. शाळेबाहेरच्या गाडीवरची चिक्की, गणपतीचा प्रसाद, वाढदिवसाचे लाडू. त्यांवर वाचणार काय?

म्हणून तिथे माणसंच लागतात. प्रसादाला ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला ‘एवढ्याशाने काही होत नाही’ म्हणणारं कोणी ना कोणी असतंच. पहिल्या प्रकारातल्या मुलाला एवढ्याशाने होतं. मित्रांनी गंमत म्हणून डब्यात दाणे टाकणं ही गंमत नाही, हे वर्गशिक्षकांनी त्या मुलाचं नाव न घेता सगळ्या वर्गाला सांगावं. त्याला वेगळं बसवू नका. त्याच्यासाठी एक वेगळी पळी आणि वेगळं पातेलं पुरतं. कुटाची भाजी ढवळलेली पळी वरणात बुडवली की वरणही गेलं, हे मावशींना एकदा समजावलं की त्या आपल्यापेक्षा काटेकोर राहतात, असा माझा अनुभव आहे. आणि कुठलाही पदार्थ सगळ्या शाळेतून हद्दपार करा असं मी म्हणत नाही. दाणे गरिबाच्या घरचं प्रथिन आहे. मधल्या सुट्टीतल्या मूठभर दाण्या-गुळावर पोरं वाढतात.

आता ते चार प्रश्न.

कोणता पदार्थ बाधतो, आणि तो कच्चा, शिजवलेला, भाजलेला, कोणत्या रूपात बाधतो?

खाल्ल्यावर किती वेळाने काय होतं: गांध्या, उलटी, दम, चक्कर, की नुसतं पोट बिघडतं?

याआधी श्वासाचा त्रास, बेशुद्धी किंवा दवाखान्यात भरती झाली आहे का, आणि मुलाला दमा आहे का? दमा असलेल्या मुलांत ॲनाफिलॅक्सिस जास्त घातक ठरतो, म्हणून हा प्रश्न वगळू नका.

शाळेत औषध ठेवलं आहे का, कुठे, ते कोण देईल, आणि कोणाला फोन करायचा?

तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं की तो कागद फायलीत लावायचा नाही. त्याच्या तीन प्रती काढायच्या. एक वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात, एक स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, एक सहलीच्या बॅगेत. दर जूनमध्ये पालकांना बोलावून पुन्हा भरून घ्यायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी त्यांच्याकडून शिक्षकांना मांडीत इंजेक्शन कुठे आणि कसं द्यायचं ते संत्र्यावर करवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

नवीन वर्षाचे अर्ज बहुतेक शाळा एप्रिल-मे मध्ये छापायला देतात. छापखान्यात जायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. गावातल्या डॉक्टरांना बोलवा, ते येतील. स्वयंपाकाच्या मावशींना मात्र बैठकीला नक्की बसवा, नाहीतर सगळं पुन्हा कपाटातच जाईल.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक बालरोगतज्ज्ञ